नावडत्या अल्बमकडे लोक परत का येतात? मेटॅलिकाच्या 'सेंट अँगर'ची गोष्ट

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'सेंट अँगर' 5 जून 2003 रोजी आला आणि चाहत्यांमध्ये उभी फूट पडली. अमेरिकेत तो आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेला, पुढच्या वर्षी त्याच्या शीर्षकगीताला ग्रॅमीही मिळालं. तरी या बँडचा सगळ्यात वाईट अल्बम कोणता असा विषय निघाला की वर्षानुवर्षं पहिलं नाव याचंच यायचं. आमच्या औरंगाबादच्या होस्टेलांमध्येही तेच. (तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं.) सीडी सुरू झाली की दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी खोलीत डोकावून विचारायचं, "अरे, हे काय डबे वाजवायलेत?"

तीच मंडळी आता चाळिशीला टेकली आहेत. कुणी वाळूजला कंपनीत आहे, कुणी नांदेडला बँकेत, कुणी लातूरला क्लासेस घेतो. आणि रात्री-अपरात्री एखाद्याचा मेसेज येतो, "सेंट अँगर परत ऐकायलोय. लेका, एवढा वाईट नव्हता रे." हे फक्त आपल्याकडे नाही, जगभरच्या चाहत्यांमध्ये चाललं आहे. ध्वनिमुद्रण तेच, गाणी तीच, मग मत कसं बदललं? काहींना वाटतं ही निव्वळ जुन्या दिवसांची आठवण. काही म्हणतात, अल्बम काळाच्या पुढे होता. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. माझ्या मते 2003 साली आपण या अल्बमवर दोन वेगळ्या तक्रारी एकत्र बांधून ठेवल्या होत्या: एक आवाजाची, दुसरी लांबीची. मधल्या वर्षांत त्या सुट्या झाल्या. त्यातली पहिली आज बरीच ढिली पडली आहे, दुसरी तितकीच खरी आहे.

आधी अल्बम कशातून जन्मला ते पाहू, कारण त्याशिवाय त्यातला आवाज समजत नाही. जानेवारी 2001 मध्ये बास वाजवणारा जेसन न्यूस्टेड चौदा वर्षांनंतर बँड सोडून गेला. त्याला स्वतःचा दुसरा बँड जोडीने चालवायचा होता आणि गायक जेम्स हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. नवा बासवाला न शोधताच उरलेल्या तिघांनी त्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ भागातल्या जुन्या लष्करी बराकीत काम सुरू केलं. बास वाजवला निर्माता बॉब रॉकने. 1991 चा, त्यांना घराघरात पोचवणारा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम ज्याने घडवला, तोच हा रॉक. जुलै 2001 मध्ये हेटफिल्ड दारूच्या व्यसनावर उपचार घ्यायला गेला आणि सगळं थांबलं. तो परतला तो पुढच्या वर्षी, आणि एका अटीवर: काम दुपारी बारा ते चार, त्यापुढे नाही. बँडने एक समुपदेशकही नेमला होता, महिन्याला 40 हजार डॉलर देऊन. म्हणजे एका खोलीत तीन-चार माणसं, त्यातला एक नुकता दारूतून बाहेर येतोय, घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष, आणि नवीन गाणी तिथेच बसून सुचवायची. पूर्वी हेटफिल्ड शब्द एकटा लिहायचा. या वेळी सगळे कागद घेऊन बसले.

आता त्या डब्याकडे येऊ. सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.

ड्रमसेटमध्ये वादकाच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये जो ड्रम असतो, तो स्नेअर. रॉकच्या बहुतेक गाण्यांत आपण मान हलवतो ती याच्या ठोक्यावर. त्याला वर एक आणि खाली एक अशी दोन पानं, म्हणजे ताणलेले पातळ पडदे, असतात. खालच्या पानाला चिकटून बारीक धातूच्या तारांची एक पट्टी ताणलेली असते. वर काठी पडली की खालचं पान थरथरतं, तारा त्यावर खडखडतात आणि 'फट्' असा कोरडा, आखूड आवाज येतो. तारांमुळे ठोक्याचा सूर झाकला जातो आणि तो पटकन विझतोही. बाजूला एक खटका असतो, तो सोडला की तारा पानापासून दूर होतात. मग उरतो तो ड्रमचा मोकळा आवाज. त्याला ठरावीक सूर असतो आणि तो मागे रेंगाळतो: 'टंग्'.

बँडचा ड्रमवादक लार्स उलरिकने सांगितलं आहे की एक दिवस तो तारा लावायला विसरला आणि मुद्रण परत ऐकताना त्याला तो आवाजच आवडून गेला. मग तसाच ठेवला, पूर्ण अल्बमभर. पंचाहत्तर मिनिटं.

हा 'टंग्' कानाला का टोचतो? स्नेअर नुसता घुमतो म्हणून नव्हे. आपल्या भागात तर घुमणारं चामडं ऐकतच आपण मोठे होतो. तुळजापूरला गोंधळात संबळ लागतो, मिरवणुकीत हलगी लागते. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, चामडं ताणलं जातं, आवाज चढतो आणि गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तिला तारा नाहीत, घुमणं हाच तिचा जीव. पण हलगी उघड्यावर वाजते आणि तिच्याभोवती मोकळी जागा असते. 'सेंट अँगर'मध्ये तो घुमणारा सूर दोन विकृत, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाच्या गिटारींच्या भिंतीवर आदळतो. गिटारचा फाटका आवाज ऐकू येणाऱ्या पट्ट्याचा मधला भाग जवळजवळ पूर्ण भरून टाकतो, आणि रेंगाळणारा स्नेअर त्याच मधल्या भागात जागा मागतो. शिवाय गाण्याची पट्टी बदलली तरी स्नेअरचा सूर तोच राहतो, त्यामुळे कधी तो जुळतो, कधी बेसूर लागतो. एकदा कानाने तो सूर पकडला की सोडत नाही. लोकांना 'डबा' ऐकू आला तो यामुळे. त्यांचे कान चुकीचे नव्हते.

पण तेव्हा आपल्या कानांची एक अपेक्षाही होती, आणि ती 1991 च्या अल्बमने बांधलेली होती. तिथला ड्रम मोठा, गोल, चकचकीत. बॉब रॉकला या वेळी उलटं हवं होतं: गॅरेजमध्ये पहिल्यांदा एकत्र आलेली चार पोरं वाजवताहेत असं वाटावं. महागड्या स्टुडिओतून आलेली वस्तू ओबडधोबड निघाली की माणूस आधी ती बिघडली असं समजतो. मुद्दाम तशी केली असेल, हे सुचायला वेळ लागतो.

गिटारींचंही तसंच. बहुतेक गाण्यांत गिटार नेहमीपेक्षा खाली लावलेली आहे. सगळ्यात जाड तार नेहमीच्या ई सुरावर साधारण 82 हर्ट्झला असते, इथे ती सी वर, म्हणजे साधारण 65 हर्ट्झला आणली. तार ढिली होते, आवाज जड आणि चिखलासारखा होतो. त्या काळात कॉर्न, स्लिपनॉट अशा नव्या बँडमध्ये हीच पद्धत होती आणि गिटारचे सोलो, म्हणजे गाण्याच्या मधे एकट्या गिटारने घेतलेली भरारी, फॅशनमधून गेले होते. मेटॅलिकानेही सोलो काढून टाकले. अख्ख्या अल्बममध्ये एकही नाही. जुन्या चाहत्याच्या जिव्हारी लागलं ते इथे. गिटारवादक कर्क हॅमेटने तेव्हाच हरकत घेतली होती, आणि तिचा युक्तिवाद मला आजही फार आवडतो: सोलो ठेवला तर जुनाट वाटेल असं सगळे म्हणतात, पण सोलो न ठेवल्यानेच अल्बमवर या काळाचा शिक्का बसेल. तसंच झालं. आज 'सेंट अँगर'ची दोन मिनिटं ऐकून कुणीही सांगेल, हा दोन हजारच्या सुरुवातीचा माल. फक्त ज्या शिक्क्याची तेव्हा भीती वाटत होती, तोच आता काहींना गोड लागतो.

इथे आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट सांगायला हवी, कारण जगभरच्या चर्चेत ती येत नाही. आपण हा अल्बम ऐकला कशावर? मूळ सीडी विकत घेणारे मोजकेच. बाकीच्यांकडे तो आला एमपी3 सीडीतून, एकाच सीडीत दीडशे गाणी, बहुतेक 128 केबीपीएसची. साध्या ऑडिओ सीडीत दर सेकंदाला जेवढी माहिती असते, त्याच्या जेमतेम अकराव्या भागात तेच गाणं बसवलेलं. एवढं दाबताना सर्वांत आधी बळी जातात ते झांजांचे बारीक, उंच आवाज. ते फिसफिसायला लागतात. आणि ही गाणी वाजायची कॉम्प्युटरच्या डब्याबरोबर फुकट आलेल्या दोन छोट्या स्पीकरवर. असा स्पीकर 65 हर्ट्झचा सूर वाजवूच शकत नाही. वरच्या सुरांवरून कान तो सूर ओळखतो, पण त्याचं वजन छातीपर्यंत येत नाही. म्हणजे या अल्बमची जी ताकद, तो खालचा जडपणा, तीच गाळली गेली. झांजा फिसकटल्या. मधला पट्टा तेवढा शाबूत राहिला, आणि मधल्या पट्ट्यात काय होतं? स्नेअर. परभणीच्या सायबर कॅफेत जो अल्बम ऐकला गेला, तो एका अर्थाने मुद्रित अल्बमपेक्षाही जास्त 'डबा' होता.

आणखी एक गोष्ट त्या एमपी3 सीडीत आली नाही. मूळ अल्बमबरोबर एक डीव्हीडी होती. त्यात फेब्रुवारी 2003 मध्ये बँडमध्ये आलेल्या रॉबर्ट ट्रुहियोला घेऊन अल्बममधली सगळी गाणी तालमीच्या खोलीत वाजवलेली आहेत. तिथे तीच गाणी जास्त मोकळी, जिवंत वाटतात. आज कुणीही ते चित्रण शोधून बघू शकतो. तेव्हा आपल्याकडे ते आहे हेच कित्येकांना माहीत नव्हतं. प्रत्यक्ष मैफलीचा तर प्रश्नच नव्हता. मेटॅलिका भारतात पहिल्यांदा वाजली ती 30 ऑक्टोबर 2011 ला, बंगळूरला. तोवर जे काही मत बनायचं ते त्या दाबलेल्या फायलींवरच बनलं.

आता मत बदलण्याकडे. साधनं सुधारली हे एक झालं. पण चांगल्या सिस्टिमवर पहिल्या दिवशी ऐकणाऱ्या अमेरिकेतल्या माणसानेही शिव्याच दिल्या होत्या आणि आज तोही परत येतो. तेव्हा कारण आणखी खोल असणार.

मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते हे. नवा अल्बम येतो तेव्हा आपण फक्त गाणी ऐकत नसतो, बँडच्या भविष्याची बातमी ऐकत असतो. 2003 मध्ये 'सेंट अँगर' ऐकताना खरा प्रश्न डोक्यात हा होता: आता हे असंच वाजवणार का? सोलो कायमचे गेले? न्यूस्टेड गेला, हेटफिल्ड आजारी, बँड टिकणार का? त्या धास्तीत ऐकलेलं गाणं कडूच लागणार. मग 2008 मध्ये 'डेथ मॅग्नेटिक' आला, सोलो परतले, गिटार नेहमीच्या सुरावर आली. (त्यावर वेगळंच भांडण झालं, आवाज इतका दाबून मोठा केला होता की फाटत होता. तो विषय पुन्हा कधीतरी.) त्या दिवशी 'सेंट अँगर'मधली धमकी संपली. तो बँडचा शेवट ठरला नाही, लांबलचक प्रवासातला एक वाईट काळ ठरला. धोका टळल्यावर माणूस तीच गोष्ट निवांत बघू शकतो.

दुसरं, माहिती. 2004 मध्ये 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हा माहितीपट आला. अल्बम बनताना दोन वर्षांहून जास्त काळ कॅमेरा त्या खोलीत होता. त्यात एक प्रसंग आहे. चार वाजता हेटफिल्ड घरी जातो आणि बाकीचे मागे बसून दिवसभराचं मुद्रण ऐकतात. हेटफिल्डला हे कळतं तेव्हा तो दुखावतो, कारण त्याच्यामागे निर्णय होताहेत असं त्याला वाटतं. उलरिक चिडतो, कारण एका माणसाच्या घड्याळावर सगळ्यांनी का थांबावं? दोघांचंही बरोबर आहे. हे पाहिल्यावर 'द अननेम्ड फीलिंग' ऐका. अचानक येणारी घबराट, तिला नावही देता येत नाही, त्याबद्दलचं ते गाणं आहे. 'स्वीट अंबर' दारूबद्दल आहे. विसाव्या वर्षी आपल्याला ही गाणी नुसता आरडाओरडा वाटली. घरात कुणाचं व्यसन पाहिलेल्या, स्वतः रात्री छातीत धडधड होऊन उठलेल्या माणसाला ती आरडाओरडा वाटत नाहीत. मराठवाड्यात अशी घरं थोडी नाहीत. माझ्या ओळखीत एकाने हा अल्बम परत ऐकायला घेतला तो वडिलांची दारू सुटल्यानंतर. ताल चुकलेला, आवाज चिरकलेला, एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणारा हेटफिल्ड त्याला तेव्हा पहिल्यांदा खरा वाटला. हे मत बदलणं मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते आठवणीतून आलेलं नाही, समजेतून आलेलं आहे.

आठवणीचा भाग नाही असं मात्र नाही. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला पुढे जास्त ठळक राहतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसलेलं आहे. 2003 ला अठरा-वीस वर्षांचे असलेल्यांना त्या स्नेअरबरोबर होस्टेलची खोली, लोडशेडिंग आणि मेसची भाजी सगळंच ऐकू येतं. शिवाय एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की ती आवडू लागते, हेही रॉबर्ट झायन्सने 1968 मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. म्हणून 'मला आता आवडतो' आणि 'तो चांगला आहे' या दोन वाक्यांमध्ये अंतर ठेवायला हवं.

आणि एक गाळणी लक्षात घ्या. ज्यांना हा अल्बम मनापासून नकोसा झाला, ते केव्हाच उठून गेले. आज त्यावर बोलायला उरलेत ते ज्यांच्या मनात त्याच्यासाठी काहीतरी शिल्लक होतं ते, आणि त्यानंतर जन्मलेली पोरं, ज्यांना 1991 शी तुलनाच करायची नाही. ती मोबाइलवर एखादं गाणं ऐकतात, आवडलं तर ठेवतात, नाहीतर पुढे जातात. अख्खी सीडी पैसे मोजून घेतल्यावर होणारा संताप त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे 'आता सगळ्यांना आवडायलाय' असं दिसतं तेव्हा त्यातल्या 'सगळ्यांना'मधून विरोधक आधीच वजा झालेले असतात.

मग अल्बमची खरी पारख करायची कशी? चाहत्यांनीच एक सुंदर वाट काढली. काहींनी घरी बसून पूर्ण अल्बम नव्याने वाजवला, तारा लावलेल्या नेहमीच्या स्नेअरवर. काहींनी गाणी कापून आखूड केली. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतात, तसंच हे झालं. स्नेअर बदललेली रूपं ऐकली की दोन गोष्टी लगेच कळतात. एक, यातल्या गिटारच्या कित्येक चाली खरोखर दमदार आहेत, इतके दिवस त्या ठोक्याखाली दबल्या होत्या. दोन, स्नेअर सुधारूनही गाणी लांबच राहतात. 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हे गाणं आठ मिनिटांच्या वर, 'ऑल विदिन माय हँड्स' जवळपास नऊ मिनिटांचं. लांबी हा दोष नव्हे. याच बँडची जुनी आठ मिनिटांची गाणी मधे वळणं घेतात, वेग बदलतात, सोलोवर चढतात. इथे तालमीतल्या वाजवण्याचे तुकडे कॉम्प्युटरवर जोडून गाणी बांधली आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. सोलो काढला, पण त्याच्या जागी काही ठेवलं नाही. ही तक्रार 2003 साली बरोबर होती, आज बरोबर आहे. मी स्वतः अकरापैकी पाच गाणी ठेवीन आणि अल्बम पस्तीस मिनिटांचा करीन.

गंमत म्हणजे चाहते स्नेअरवर मवाळ झाले, पण हेटफिल्डनेच पुढे एका मुलाखतीत म्हटलं की तो पत्र्यासारखा स्नेअर थोडा कमी चालला असता. मात्र हे दोष आता बँडच्या इतिहासाचा भाग आहेत, ते बदलायचे नाहीत, असंही तो म्हणाला. उलरिक आपल्या निर्णयावर ठाम आहे.

बँडने स्वतः या अल्बमची फेरतपासणी केली ती बोलून नव्हे, वाजवून. 2017 मध्ये त्यांनी समाजकार्यासाठी संस्था काढली आणि तिला नाव दिलं 'ऑल विदिन माय हँड्स', याच अल्बममधल्या शेवटच्या, सगळ्यात चिघळलेल्या गाण्याचं. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये संस्थेसाठी सॅन फ्रान्सिस्कोत कार्यक्रम झाला, त्यात हे गाणं त्यांनी अकूस्टिक गिटारवर, संथ करून म्हटलं. 2019 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच सिंफनी वाद्यवृंदाबरोबरही. मूळ मुद्रणात हेटफिल्ड शेवटी घसा फाडून ओरडतो. इथे तो हळू गातो आणि त्या चालीत किती दुःख होतं ते उघडं पडतं. जवळच्या माणसांना मुठीत धरून ठेवताना आपणच त्यांना चिरडतो, ही भीती त्या शब्दांत पहिल्यापासून होती. मूळ मुद्रणात ती ऐकायची तर गोंगाटातून वाट काढावी लागायची.

तुम्ही परत ऐकणार असाल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत लावू नका, दमाल. आधी 2019 चं 'ऑल विदिन माय हँड्स' ऐका, मग त्याचंच मूळ. नंतर तालमीच्या चित्रणातलं 'द अननेम्ड फीलिंग'. सगळ्यात शेवटी 'फ्रँटिक', अल्बमचं पहिलं गाणं, पण मोबाइलच्या स्पीकरवर नको. चांगला हेडफोन उसना मागा, किंवा ज्याच्या गाडीत बरी सिस्टिम आहे अशा मित्राला जालना रोडला गाठा आणि आवाज बराच वर न्या. खालचा सूर सीटमध्ये जाणवला पाहिजे. तरीही डबाच ऐकू आला तर तुमचं 2003 चं मत पक्कं, आणि तेही चालतं.